जसिंताचा अनवाणी नवस

आल्बर्ट तुस्कानोला उन्हाचा भारी अभिमान होता. वसईला सुट्टीवर गेला आणि कुणी "काय उकडतंय" म्हणायचा अवकाश, याची टकळी सुरू. "हे उकडणं? एकदा मस्कतला या. जूनमध्ये गाडीचं स्टिअरिंग धरून दाखवा." खरं सांगायचं तर त्या उन्हाची आणि त्याची गाठ क्वचितच पडायची. मस्कतमधल्या वादी अदाईच्या फ्लॅटमध्ये एसी, गाडीत एसी, रुवीच्या ऑफिसात एसी. मधली चार पावलं तो धावतच टाकायचा. पण वीसेक वर्षं ओमानात काढली म्हणजे ऊन पचवलं, अशी त्याची पक्की समजूत होती.

त्यामुळे इटलीला जुलैत जायचं ठरलं तेव्हा तो जराही कचरला नाही. ठरवणारा तसा तो नव्हताच. अर्बाबने, म्हणजे त्याच्या ओमानी मालकाने, रजा जुलैतच दिली. "जुलै, खलास," म्हणाला आणि फोनकडे वळला.

जायचं होतं ते पादुआला, संत अंतोनीच्या गावी. कारण होता जसिंताचा नवस. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. डॉक्टर झाले, औषधं झाली, सासूचे टोमणे झाले. शेवटी एका मंगळवारी रुवीच्या चर्चमध्ये जसिंता संताच्या मूर्तीपुढे उभी राहिली आणि बोलून गेली, "मूल दे. तुझ्या गावी येईन, स्टेशनापासून तुझ्या दारापर्यंत अनवाणी चालेन." पुढच्याच वर्षी ॲव्हरिल झाली. मग आज जाऊ, उद्या जाऊ करता करता ॲव्हरिल बारावी पास झाली आणि ऑगस्टअखेर शिकायला आयर्लंडला जायला निघाली. तेव्हा मात्र जसिंताने हट्ट धरला.

"नवस बाकी ठेवून मी पोरीला कुठेही पाठवणार नाही," ती म्हणाली. "उद्या तिकडे तिला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

ॲव्हरिलला हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. इंडियन स्कूलमध्ये वाढलेली पोर, तिचं मराठी घरापुरतं आणि तेही अडखळत. "ममी, धिस इज मॅड," ती म्हणायची. "मी काय डील आहे? तू हे दे, मी ते देते?"

"डील नाही गं. शब्द आहे. दिलेला."

निघायच्या आदल्या आठवड्यात शेजारची सिंथिया बातम्या पाहून सांगायला आली. इटलीत उष्णतेची लाट आहे, चाळीसच्या आसपास जातंय, म्हातारी माणसं दवाखान्यात भरती होतायत. आल्बर्ट मनापासून हसला. "त्यांचं चाळीस म्हणजे आपला मार्च, सिंथिया. गोऱ्या लोकांना घाम आला की बातमी होते." जसिंता तर बॅगेत स्वेटर भरत होती. तिघांचे तीन, खास या प्रवासासाठी घेतलेले. युरोप म्हणजे थंडी हे तिच्या डोक्यातून बातम्यांनीही निघेना.

व्हेनिसजवळ त्यांनी खोली घेतली होती. खोलीत एसी नव्हता. एक टेबलफॅन होता आणि तो मान हलवत गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता. तिघंही रात्रभर तळमळले. सकाळी लवकर पादुआ गाठायचं, दगड तापायच्या आत चालून घ्यायचं, असा बेत होता. पण उन्हाने रूळ तापल्यामुळे गाड्या रखडल्या होत्या. पहिली रद्द, दुसरी उशिरा, तीही वाटेत थांबत थांबत. पादुआच्या स्टेशनाबाहेर पडले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. दुसऱ्या दिवशी सकाळचं मस्कतचं विमान, म्हणजे हाच दिवस काय तो हातात.

स्टेशनासमोर माणूस दिसत नव्हतं. खिडक्यांच्या झडपा बंद, कुत्रंसुद्धा सावलीला.

"डॅडी, बघा ना, लोकच नाहीत बाहेर," ॲव्हरिल म्हणाली. "आपण कुठेतरी बसू. संध्याकाळी चालू."

"संध्याकाळी उशीर झाला आणि संताची बॅसिलिका बंद झाली तर? आणि हे काय ऊन आहे? मस्कतची माणसं आपण. यल्ला, चला."

जसिंताने चपला काढून पिशवीत ठेवल्या. तिला वाटलं होतं, पाय आपल्याला साथ देतील. लहानपणी वसईत ती वैशाखात अनवाणी वाडीत हिंडली होती, केळीला पाणी लावलं होतं, विहिरीवर गेली होती. पण ते पाय वसईतच राहिले. हे पाय मस्कतच्या गार फरशीवर मऊ झालेले होते. हे ना तिच्या लक्षात आलं, ना आल्बर्टच्या.

जुन्या गावात रस्त्यांच्या कडेला कमानींच्या ओसऱ्या आहेत, त्यांखालून सावलीत चालता येतं. पण स्टेशनापासून पुलापर्यंतचा रस्ता उघडा. पहिल्या पावलालाच जसिंताने ओठ घट्ट मिटले. पुढे ती जपमाळ हातात धरून भरभर चालू लागली, जवळजवळ पळतच. आल्बर्ट मागून "हळू, हळू" म्हणत होता. थोड्याच वेळात त्याच्या स्वतःच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. शर्ट पाठीला चिकटला, जीभ टाळूला. इतकी वर्षं ज्या उन्हाच्या गप्पा मारल्या ते ऊन त्याला आज पहिल्यांदा भेटत होतं.

तो बाटलीतलं पाणी जसिंताच्या पुढ्यात रस्त्यावर ओतू लागला. ओतलेलं पाणी बघता बघता वाळून जात होतं. बाटली संपली.

"जसिंता, पुरे आता. चपला घाल. संताला कळतं सगळं."

"तू बोलू नकोस," ती म्हणाली. आणि तशीच पुढे चालत राहिली.

पूल ओलांडला, पहिल्या कमानी आल्या, आणि सावलीत शिरताच ती भिंतीला टेकली. तशीच घसरत खाली बसली. चेहरा लाल होता, पण ओठ पांढरेफटक. ॲव्हरिलने हाक मारली तर डोळे उघडेनात.

शेजारीच औषधाचं दुकान होतं. पांढरा कोट घातलेली बाई बाहेर धावली, तिने आणि आल्बर्टने मिळून जसिंताला आत नेलं. आत गारवा होता. बाईने मानेवर ओला टॉवेल ठेवला, पाय पाण्याच्या टबात बुडवले, आल्बर्टकडे बघून इटालियनमध्ये खूप काही बोलली. शब्द कळले नाहीत, पण शिव्या असाव्यात हे त्याला कळलं आणि त्या आपल्याला लागू आहेत हेही कळलं. तो कोपऱ्यात उभा राहिला. त्याला भीती वाटत होती. ही गेली तर आपण मारली, एवढंच त्याच्या मनात येत होतं. ॲव्हरिल आईचा हात धरून जमिनीवर बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. पोर रडतेय असं त्याला वाटलं.

बऱ्याच वेळाने जसिंताने डोळे उघडले. पाणी प्यायली. बाईने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करायची खूण केली तर हिने जोरजोरात मान हलवली. मग उठायला गेली आणि पाय टेकताच किंचाळली. दोन्ही तळव्यांना मोठाले फोड आले होते.

"अर्धं झालं," ती म्हणाली आणि तिथेच रडायला लागली. "इतकी वर्षं लावली, इथवर आले, आणि अर्धंच झालं. आता पोरीला कशी पाठवू मी?"

ऊन काय चीज आहे हे सांगणारा आल्बर्ट गुडघ्यांवर बसून तिचे पाय परत टबात ठेवू लागला.

ॲव्हरिलने बूट काढले. मोजे काढून बुटात कोंबले.

"हे काय करतेस?" आल्बर्टने विचारलं.

"माझ्यासाठी बोलली ना ममी? मग उरलेलं मी चालते."

"ॲव्हरिल, नको," जसिंता म्हणाली. "तुझा विश्वास नाही ना यावर."

"तुझा आहे ना. खलास." आणि तिने आईची जपमाळ आपल्या मनगटाला गुंडाळली.

आता मात्र आल्बर्टने घाई केली नाही. ऊन कलेपर्यंत तिघं त्या दुकानातच बसली. मग बाईने टॅक्सी बोलावून दिली. आल्बर्ट जसिंताला घेऊन पुढे गेला आणि बॅसिलिकेच्या दारात, भिंतीच्या सावलीत तिला बसवून वाट पाहू लागला. समोरचा मोकळा चौक अजून तापलेलाच होता. कबुतरंही खाली उतरत नव्हती.

पोर लांबून दिसली. कमानींखालून आली तोवर ठीक होती. चौकात पाय ठेवला आणि उडीच मारली. पुन्हा पाय ठेवला. मधे एका पुतळ्याची सावली पडली होती, तिच्यात जाऊन एका पायावर उभी राहिली, मग दुसऱ्या. दोन जर्मन पर्यटक थांबून बघत होते. कुणी बघितलेलं तिला कधीच खपायचं नाही, घरी पाहुणे आले तरी खोलीत जाऊन बसायची. आज तिने त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आल्बर्टला धावत जाऊन तिला उचलून आणावंसं वाटलं, तिच्या लहानपणी मस्कतच्या किनाऱ्यावर वाळू पोळली की आणायचा तसं. पण उचललं असतं तर चालणं मोजलं गेलं नसतं.

ती दारात पोचली तेव्हा जसिंताने बसल्या जागेवरून तिचे दोन्ही पाय धरले आणि पदराने पुसले. मग दोघींनी एकमेकींना धरत, लंगडत आत जाऊन संताच्या थडग्याच्या दगडाला तळहात टेकवले. दगड गार होता. जसिंताने हात बराच वेळ काढला नाही. मागे रांग खोळंबली, पण कुणी कुरकुरलं नाही.

ऑगस्टअखेर वादी अदाईच्या फ्लॅटमध्ये ॲव्हरिलची बॅग भरणं चाललं होतं. इटलीला जाऊन घडीही न मोडता परत आलेले स्वेटर जसिंता तिच्या बॅगेत घालत होती, स्वतःचा आणि आल्बर्टचासुद्धा, आयर्लंडला लागतील म्हणून. तिचे तळवे आता बरे झाले होते. आल्बर्ट वजनकाटा घेऊन उभा होता. त्या दुपारी सिंथिया येऊन "मेलं काय ऊन आहे" म्हणाली, तेव्हा त्याने नुसतं "हो ना" म्हटलं होतं आणि तिला नवल वाटलं होतं.

"ममी," ॲव्हरिल म्हणाली, "एक सांगायचंय. मी पण बोलले तिथे."

"काय बोललीस?"

"त्या शॉपमध्ये. तू डोळे उघडत नव्हती. मला दुसरं काही सुचलंच नाही. मी सेंट अंतोनीला म्हटलं, ही उठली तर मी चालेन. बेअरफूट. स्टेशनपासून, पूर्ण."

जसिंताच्या हातातली घडी तशीच राहिली. आल्बर्टला आठवलं, जमिनीवर बसलेली पोर, हलणारे ओठ. रडत नव्हती तर ती.

"अगं, पण चाललीस की तू!" तो म्हणाला.

"ते ममीचं अर्धं होतं, डॅडी. माझं बाकी आहे."

आल्बर्टने बायकोकडे पाहिलं. "काय गं, नवस बाकी ठेवून पोरीला कुठेही पाठवणार नव्हतीस ना?"

जसिंता आधी हसली, मग डोळे पुसले, मग परत हसली. "माझा नव्हते ठेवणार. हा तिचा आहे. फेडायला येईलच की." आणि गेले दोन महिने तिच्या कपाळावर जी आठी होती ती आल्बर्टला पहिल्यांदा नाहीशी झालेली दिसली.

"तुम्ही पण या," ॲव्हरिल म्हणाली. "आयर्लंडहून मला जवळ आहे. पण प्लीज, जुलै नको."

"डिसेंबर," आल्बर्ट म्हणाला. "अर्बाबला मी बघतो." त्याने वाकून बॅगेतला आपला स्वेटर बाहेर काढला आणि परत कपाटात नेऊन ठेवला.