पंपघरातली सवत

धाकट्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षी पंपघराने माझा नवरा परत नेला.

परत म्हणते, कारण आधीही हे तिथलेच होते. नदीकाठच्या त्या दगडी इमारतीत हे पंप चालवायचे. सगळी उमेद तिथे गेली. घरी यायचे ते जेवायला आणि घोरायला. पुढे पंप बंद झाले, छप्पर खाली आलं, खिडक्यांतून झाडं उगवली, आणि उशिरा का होईना, नवरा माझ्या वाट्याला आला. जेवणं आटोपली की आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो आणि हे मला अक्षरं शिकवायचे. लहानपणी मला कुणी शाळेत घातलंच नव्हतं. माझ्या 'क'चं पोट नेहमी फुगायचं. "हा क आहे की गरोदर बाई?" असं हे विचारायचे. त्या घटकेसाठी मी सकाळची कामं पळत उरकायची. काना झाला, मात्रा झाली, वेलांट्या झाल्या. जोडाक्षरं तेवढी राहिली होती.

तेवढ्यात आमच्या भागातल्या लोकांना नदीचा पुळका आला. त्यांनी पंपघरावर नवं छप्पर घातलं, दगड घासून काढले, एका खोलीत बाटल्या आणि भिंगं मांडली, मोठ्या दालनात बाकं टाकली. नदीत काय सोडलं जातं, काय मरतं, काय पुन्हा जगतं, हे बघायला गॅरेजवाला, मासे धरणारे, शाळेतल्या बाई असे सगळे तिथे जमू लागले. जुना माणूस म्हणून ह्यांनाही बोलावणं आलं.

"नुसता डोकावून येतो," म्हणाले. ते डोकावणं दिवेलागणीपर्यंत चाललं. मग रोजच डोकावू लागले.

"वहिनी, दादा हल्ली गुणगुणत जातो गं," शेजारी राहणारी नणंद म्हणाली.

"तुझा भाऊ आहे. तूच विचार त्याला."

"मी कशाला विचारू? माझी फुकट करमणूक होतेय."

एक दिवस हे हिरवं जाकीट घालून आले. छातीवर, बरोबर काळजाच्या जागी, पांढऱ्या दोऱ्याने काही भरलं होतं. हे हातपाय धुवायला गेले तेव्हा मी जाकीट खुंटीवरून काढलं आणि बोट ठेवून वाचलं. स, रि, ता. सरिता. पुढे मि. त्यापुढचं अक्षर मला येत नव्हतं, पण गरजही नव्हती. ऱ्हस्व-दीर्घाचं मला तेव्हा सोयरसुतक नव्हतं. सरिता आणि मी, असाच अर्थ लागला. धड्याबाहेरचा पहिला शब्द मी स्वतःचा स्वतः वाचला, आणि तो दुसऱ्या बाईचं नाव निघाला!

दुसऱ्या दिवशी मी थेट पंपघर गाठलं. दारात शाळेतल्या बाई बाटल्या विसळत होत्या.

"सरिता कुठे आहे?"

"आहे की खाली," बाई म्हणाल्या. "आज बरं नाही हो तिला. तुमचे हे सकाळपासून तिच्यापाशीच आहेत. जेवायलासुद्धा उठले नाहीत."

"आणि तिला लाज नाही वाटत?"

"कुणाला?" बाई विचारत राहिल्या. मी पायऱ्या उतरले.

खाली हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते. कुणीतरी वरच्या बाजूला तेल सोडलं होतं, त्याचा तवंग फडक्याने टिपत होते. बाळाचं तोंड पुसावं तसं. जवळपास दुसरी बाई नव्हती.

"कुठे गेली ती?"

"कोण?"

"सरिता! छातीवर मिरवता ती."

ह्यांनी आधी जाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि असे हसले की पाय घसरून पाण्यातच बसले. "अगं, सरिता म्हणजे नदी! आम्ही सगळे सरितामित्र. तो त्र आहे, त्र. जोडाक्षर!"

"काय काकू, सापडली का सवत?" काठावरून गॅरेजवाला ओरडला.

सगळ्यांना वाटलं, माझा जीव भांड्यात पडला. कसला पडतोय! बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. आज ना उद्या तीही म्हातारी झाली असती. हिला ना सुरकुती, ना लाज. आणि माझ्या तापात ह्यांनी माझं कपाळ इतक्या हळुवारपणे कधी टिपलं नव्हतं.

"दुपार माझी," मी सगळ्यांदेखत बजावलं. "रोज. जेवण झालं की टेबलाशी. मग ही बुडाली तरी चालेल."

"नदी कशी बुडेल?"

"ते तिचं ती बघेल."

ह्यांनी शब्द पाळला. पहिला त्र शिकवला, मग ज्ञ. क्षची दुपार उजाडली आणि खिडकीखालून गॅरेजवाल्याची हाक आली, "काका, वर फेस आलाय! मासे उताणे पडताहेत!"

हे जागचे हलले नाहीत. "हं, लिही," म्हणाले. मी लिहिलं. चुकलंच होतं, माझं मलाही कळत होतं. ह्यांनी पाटीकडे बघितलं आणि म्हणाले, "छान."

तो 'छान' मला थोबाडीत बसला. माणूस समोर, कान खिडकीबाहेर.

"जा," मी म्हटलं.

"अगं, पण तूच..."

"जा म्हणते ना! अर्धा नवरा मला नको."

इतक्या घाईने गेले की माझ्याच चपला घालून गेले.

उरलेली अक्षरं मी शाळेतल्या बाईंकडे शिकले. पंपघरातच, पण नदीकडे पाठ करून. आता म्हणतात, पाणी निवळलंय, मासे परतलेत. असतील. मी वाकून बघायला गेले नाही.

शेवटच्या दुखण्यात हे फार बोलत नव्हते. एकदा डोळे उघडले आणि म्हणाले, "पाणी." मी पेला ओठांशी धरला. एक घोट घेतला, दुसरा गालावरून ओघळला. ती तहान होती की तिला मारलेली हाक, असं नणंदेने मला नंतर विचारलं. मी सांगितलं, तहान होती. तेच खरं.

थोरल्या लेकाने नोकरी बदलली त्या वर्षी, थंडी सरता सरता, एका सोमवारी सकाळी माझा नवरा वारला. घरी वारला.