बिनकानाचं मांजर

“तिकिटं दाखव,” बाबा म्हणाले.

“आपण आत आलोय, बाबा. तिकिटं घेतल्याशिवाय सोडलं का त्यांनी?”

“दाखव म्हणतो ना.”

तिनं चाकाची खुर्ची प्राणिसंग्रहालयाच्या भर रस्त्यात थांबवली, पर्समधून तिकिटं काढली आणि त्यांच्या हातात कोंबली. बाबांनी ती नाकासमोर धरली नाहीत. कानाच्या बाजूला धरून, कोंबडीसारखी मान वाकडी करून त्यांनी बराच वेळ वाचल्यासारखं केलं. मागून येणारी माणसं खुर्चीला वळसा घालून, वळून वळून बघत पुढे जात होती.

“तारीख बरोबर आहे,” असं म्हणून त्यांनी तिकिटं परत दिली. जशी काही तारखेची चूक तीच करणार होती.

उभा जन्म त्यांनी बसगाड्यांवर तिकीट तपासनीस म्हणून काढला होता. मध्येच गाडीला हात करायचा, वर चढायचं आणि गाडीतला प्रत्येक माणूस लबाड आहे असं धरून चालायचं. नोकरी संपली, पण हे धरून चालणं काही संपलं नाही. दूधवाला पाणी घालतो, शेजारी आपली वीज चोरतो, औषधवाला जुन्या गोळ्या खपवतो आणि मुलगी खोटं बोलते. यातलं शेवटचं त्यांचं सगळ्यांत जुनं मत होतं.

“ते मनुल मांजर कुठे ठेवलंय, विचार कुणाला तरी.”

“समोर पाटी आहे.”

“मग वाच की! पाटी आहे म्हणून मला काय सांगतेस?”

आपल्याला ती वाचता येत नाही, एवढे चार शब्द त्यांच्या तोंडून निघाले असते तर तिचा अर्धा राग तिथेच उतरला असता. तिनं दात आवळले आणि खुर्ची डावीकडे वळवली. वळवताना चाक मुद्दाम दगडी कडेवर आदळलं की चुकून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बाबांच्या मांडीवर ती वही होती. जाड पुठ्ठ्याची, कडा झिजलेली, रबरानं बांधलेली. जगात रानमांजरांच्या जेवढ्या जाती आहेत, वाघसिंहापासून घरच्या बोक्याहून लहान असणाऱ्यांपर्यंत, त्यांतल्या प्राणिसंग्रहालयांत भेटतील तेवढ्या सगळ्या डोळ्यांनी पाहायच्या आणि वहीत उतरवायच्या, हा बाबांचा नाद. जंगलात जायची त्यांची ऐपत नव्हती आणि हौसही नव्हती. पिंजऱ्यातला प्राणी कुठे पळून जात नाही, त्यामुळे नोंद पक्की होते, असं ते म्हणत. लोक पोरांना घेऊन प्राणिसंग्रहालयात जातात ते हत्तीला बघायला, माकडांना हसायला. तिनं हत्ती फक्त जाता जाता पाहिला. हाताला धरून तिला सरळ मांजरांकडे ओढत नेलं जायचं आणि तिथे तासन् तास उभं केलं जायचं.

वहीत प्रत्येक जातीपुढे दोन रकाने होते, एक बाबांचा आणि एक तिचा. दोघांनी पाहिलं तरच ती जात पाहिली, हा नियम. “एकट्याच्या शब्दावर काही खरं नसतं,” बाबा सांगत. “कंडक्टर एक सांगतो, प्रवासी दुसरंच सांगतो. दोघांचं जुळलं तरच मानायचं.” पण पाहिलं म्हणजे नुसतं पाहूनही भागत नसे. पिंजऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि उलटतपासणी द्यायची. शेपटीवर काळी वलयं होती की नव्हती? डोळ्यातली बाहुली उभी की गोल? कान कसे होते? उत्तरं जमली की बाबा “बरोबर” म्हणत आणि तिच्या रकान्यात पेन्सिलीनं खूण करत. त्या एका शब्दासाठी ती पुढे मोठी झाल्यावरही, लग्न झाल्यावरही, आईनं गळ घातली की वर्षा-दोन वर्षांनी त्यांच्याबरोबर जात राहिली. हे तिनं नवऱ्यालासुद्धा कधी कळू दिलं नव्हतं.

सगळ्या जाती झाल्या. राहिली ती एक.

ती तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. परगावचं प्राणिसंग्रहालय, कडाक्याची थंडी आणि पिंजऱ्यावर पाटी, ‘मनुल’. ती लघवीला जाऊन आली तेवढ्यात बाबांनी ते मांजर पाहूनही घेतलं होतं. मग तिच्यासाठी दोघं थांबून राहिले. पायांची बोटं बधिर झाल्यावर एकदाचं एका दगडाच्या मागून दुसरं काहीतरी दगडासारखंच वर आलं. राखी, चपटं, पिवळ्या डोळ्यांचं. तिच्याकडे रोखून पाहिलं आणि गेलं. आनंदानं तिच्या अंगावर काटा आला.

“कान कसे होते?” बाबांनी विचारलं.

“कानच नव्हते त्याला.”

आधी बाबा हसले, मग त्यांचा आवाज चढला. “बिनकानाचं मांजर असतं का? मी आत्ता पाहिलेत कान. गोल, खाली, बाजूला. न बघताच ठोकून देतेस? मला फसवतेस?” शेजारी कुठल्याशा शाळेची सहल उभी होती. अख्खी सहल हसली. एकानं तर तिच्यासमोर येऊन स्वतःचे कान हातांनी झाकून दाखवले. बाबांनी तिथल्या तिथे वही उघडून तिच्या रकान्यात फुली मारली, आणि घरी येईपर्यंत तिच्याशी चकार शब्द बोलले नाहीत. पुढे तिथलं मांजर मेलं. दुसरं कुठे आल्याचं कानावर आलं नाही, आणि ती फुली तिथे राहिली ती राहिलीच.

आता ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर माणसांसमोर काचा बदलायच्या आणि विचारायचं, आधीचं स्पष्ट की आताचं? माणूस सांगेल ते मानायचं. कितीतरी वर्षं ती लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवून पगार घेत होती. म्हणून बाबांचं काय झालंय हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. नजरेचं मधलं गेलं होतं, कडेकडेचं तेवढं उरलं होतं. बाबा मात्र तिच्या दुकानाची पायरी चढायला तयार नव्हते. “मला गच्चीवरून घारीची पिसं मोजता येतात,” हे पालुपद. गेल्या वर्षी जिन्यावरून पडून खुबा मोडला, तेव्हाही स्ट्रेचरवरून सांगत होते की पायरी दिसली होती.

आणि परवा रेडिओवर बातमी लागली की इथे मनुल आलंय. तेव्हापासून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

मनुलच्या खोलीला पुढून काच होती. आत दगड रचलेले, एक वाळकं खोड, पाण्याची थाळी. बाकी सगळा शुकशुकाट. शेजारच्या खोलीत गमबूट घातलेला रखवालदार पाइपानं फरशी धूत होता. तिनं खुर्ची काचेला भिडवून लावली.

“काय दिसतंय?” बाबांनी विचारलं आणि लगेच सावरून घेतलं. “म्हणजे, तुला काय दिसतंय?”

“काही नाही.”

“नीट बघ. तुला धीर कधी नव्हताच. आईवर गेलीस.”

“आईचं नाव काढू नका. तिनं तुम्हाला सोसलं, तेवढा धीर कुणाच्या बापाला झाला नसता.”

“तुझ्या बापाला झाला ना. तुला सांभाळलं.”

दोघं काचेकडे तोंड करून बसून राहिले, म्हणजे ते बसून आणि ती उभी. एक बाई मुलाला कडेवर घेऊन आली, “इथे काहीच नाही,” म्हणाली आणि गेली. कॉलेजातली पोरं आली, काचेवर टिचक्या मारून गेली. बाबांनी त्यांना शिव्या घातल्या, पण त्या पोरं गेली त्याच्या उलट्या दिशेला.

मग खोडामागच्या दगडाआड काहीतरी हललं. राखी, चपटं डोकं हळूहळू वर आलं. पिवळे डोळे, गोल बाहुल्या, गालांवर काळ्या रेघा. वरती काही नाही. कपाळाची रेघ सरळ दगडासारखी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेली होती. चाळीस वर्षांत त्या चेहऱ्यात काडीचा फरक पडला नव्हता.

तिचा श्वास अडकलेला बाबांनी ऐकला असावा. “दिसलं!” ते ओरडले. “मला दिसलं! बघ, बघ, ते बघ!”

ते पाण्याच्या थाळीकडे बोट दाखवत होते.

त्या क्षणी तिच्या मनात दयामाया काही उरली नाही. तिनं खुर्चीचे दांडे धरले, हिसका देऊन खुर्ची गर्रकन फिरवली आणि त्यांची पाठ काचेला लावली. मग वाकून त्यांच्या तोंडासमोर तोंड आणलं.

“कान कसे होते?”

बाबा गडबडले. “गोल,” ते म्हणाले. “खाली. बाजूला.”

“खोटं. कान नाहीयेत त्याला.”

“बिनकानाचं मांजर असतं का?”

तेच शब्द, तोच सूर. तिचा उरलासुरला बांध फुटला.

“तुम्हाला दिसतच नाही, बाबा! तिकीट दिसलं नाही, पाटी दिसली नाही, पायरी दिसली नाही. मी समोर उभी आहे तर माझं तोंड तरी दिसतंय का? पुस्तकातलं पाठ करून सांगताय मला. दिसलं म्हणे! थाळी दाखवताय तुम्ही, थाळी! न बघताच ठोकून देताय!”

येणारे-जाणारे थांबले. कडेवरच्या मुलाला घेऊन ती बाईसुद्धा परत फिरली. चारचौघांत म्हाताऱ्या बापाचा पाणउतारा करणारी बाई कशी दिसते, ते बघून घेत होते सगळे. बाबांनी वही दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. बरंच वाटलं.

“तू तेव्हाही खोटं बोललीस,” बाबा घसा ताणून म्हणाले, “आणि आजही खोटंच बोलतेस. लाज नाही वाटत, आंधळ्या माणसाला फसवायला?”

शब्द तोंडून गेला तसे ते थबकले. त्यांच्या तोंडून ‘आंधळा’ हा शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकला होता.

पाइप बंद करून रखवालदार बाहेर आला. “काय झालं, आजोबा? आवाज कमी करा जरा. नवीन आहे ते, बिचकतं.”

“हिला सांगा,” बाबा म्हणाले. “हिला सांगा, त्याला कान आहेत की नाहीत.”

“आहेत की.”

“ऐकलंस?”

“पण ताईंना आत्ता नाही दिसायचे.” रखवालदारानं काचेतून आत डोकावून पाहिलं. “दगडाआडून बघायचं झालं, की कान दोन्हीकडे आडवे पाडून घेतं ते. उघड्या माळावरचं जनावर. कान वर राहिले तर लगेच सापडेल ना कुणालाही. असं डोकं काढलं की बिनकानाचंच दिसतं. लोक रोज येऊन मला विचारतात, याचे कान कुणी कापले?”

“रोज?” बाबांनी विचारलं.

“रोज. लहान पोरं तर हमखास.”

रखवालदार बादली घेऊन निघून गेला. भांडण थांबलेलं बघून माणसंही पांगली. बाबा काचेला पाठ करून बसले होते आणि त्यांना वळवून बसवायचं तिला सुचलं नव्हतं. त्यांची बोटं वहीच्या रबराशी चाळा करत होती. माफी मागणारा माणूसच नव्हता तो. बिनतिकिटाचा म्हणून एकाला गाडीतून उतरवलं आणि मग त्याचं तिकीट सीटखाली सापडलं, तरी बाबा गाडी पुढे न्यायलाच सांगणार. ते काय बोलतात याची ती वाट बघत राहिली, आणि आपण अजून वाट बघतोय याचा तिला स्वतःचाच राग आला.

“पान काढून दे,” अखेर बाबा म्हणाले. “मनुलचं.”

तिनं रबर काढून पान उघडून दिलं. खिशातून त्यांनी पेन्सिल काढली. ती मात्र नेहमीसारखी अणकुचीदार तासलेली होती, रोज रात्री नुसत्या बोटांनी चाचपून तासत असावेत.

“तुझा रकाना कुठला? डावा की उजवा?”

ते रकाने त्यांनीच आखले होते. पट्टी धरून, दिव्याखाली बसून, ती बोलायला लागायच्याही आधी.

“उजवा,” ती म्हणाली.

डाव्या हातानं त्यांनी पानाची कड शोधली, तिथून बोटं आत आत सरकवत नेली आणि एका ठिकाणी थांबवली. मान वाकडी करून पाहिलं, सरळ करून पाहिलं. मग ओठ दुमडून, लहान मूल पहिलं अक्षर काढतं तसं जोर देऊन, त्यांनी बरोबरची एक मोठी खूण केली. पेन्सिलीचं टोक तुटलं.

खूण रकान्यात पडली नव्हती. ती ओळीच्या खाली, पानाच्या कोऱ्या भागात उतरली होती, कुणाच्याच नावापुढे नव्हती. वर तिच्या रकान्यात तिसरीतली फुली जशीच्या तशी होती.

“बसली का बरोबर?” बाबांनी विचारलं.

तिनं पानाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ते तिच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत थांबले होते.

“बसली,” ती म्हणाली.

बाबांनी काही विचारलं नाही. कुठे, कशी, फुलीच्या वर की शेजारी, काही नाही. मान डोलावून त्यांनी वही मिटली, रबर चाचपडत चढवलं आणि वही मांडीवर सरळ केली.

“चल आता,” ते म्हणाले. “आणि खुर्ची नीट ढकल. मघाशी किती आदळलीस.”