लाल दिव्याचं निदान

गाडीत काय बिघडलंय हे गाडीच्या आधी आपल्याला कळतं, असा आनंदराव मेश्रामांचा स्वतःविषयी पक्का समज होता. लाखांदूरला धानाच्या गिरणीवरचं इंजीन काही वर्षं चालवून त्यांनी एक जुनी डिझेल व्हॅन घेतली होती. तेव्हापासून इंजीन जरा कुरकुरलं की ते लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटायचे, आणि लोक बघताहेत याची खात्री झाली की मान हलवायचे. कोणी ‘डॉक्टर’ म्हटलं तर ‘छे छे’ म्हणायचे, पण इतक्या हळू की कोणाला ऐकू जाऊ नये.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांच्या साळ्याचं, डोमाचं, साक्षगंध ठरलं, म्हणजे साखरपुडा. मुलगी वरठीची, बाप पुंडलिकराव रेल्वेत नोकरीला. “दुसरी गाडी कायले पाह्यता? मी हाय न,” असं म्हणून आनंदरावांनी पाहुण्यांची सगळी जबाबदारी अंगावर घेतली.

सकाळी निघाले. नव्या सफारी सूटमध्ये अवघडलेला डोमा त्यांच्या शेजारी. दोघांच्या मधोमध पत्र्याच्या झाकणाखाली इंजीन, आणि त्याला लागूनच मागच्या बाकावर आनंदरावांची बायको वच्छला आणि तिची आत्या लीलाबाई. त्यामागे नातेवाईक, पेढ्यांचे डबे आणि मुलीची साडी.

पवनी सोडली आणि खालून काहीतरी फटकन वाजलं. पाठोपाठ समोर लाल दिवा लागला.

“भाऊजी, हे काय लागलं?” डोमाने विचारलं.

“चार्जिंगचा दिवा. डायनामोचा कार्बन गेला असन.” आनंदरावांनी गाडीचा वेगही कमी केला नाही. “डिझेल गाडी हाय, बाबू. बॅटरी फक्त चालू कराले लागते. आता वरठी येईपर्यंत इंजीन बंद नाही करत, झालं.”

“अन् ते फट वाजलं ते?”

“गोटा उडला.”

यातलं अर्धं बरोबर होतं, आणि तिथेच घोटाळा झाला. सगळंच चूक असतं तर माणूस एखादवेळी थांबला तरी असता.

अड्याळ येता येता पाण्याच्या मीटरचा काटा उठला आणि वर वर सरकू लागला. डोमाची नजर त्याच्यावरच होती. “काटा लालात गेला जी.”

“मीटर बिजलीवर चालते. चार्जिंगच नाही, तं मीटर खोटंच सांगन का नाही?”

अशा रीतीने त्यांनी दिव्याकडून काट्याला खोटं पाडलं आणि निर्धास्त झाले. इतकं सरळ निदान आपल्याला इतक्या चटकन सुचलं याचं त्यांना मनातून कौतुकही वाटलं.

थोड्या वेळाने मागून लीलाबाई म्हणाल्या, “जवाईबापू, खाली चूल पेटवली का जी?”

“उन्हाळा हाय, आत्याबाई.”

“उन्हाळा वरून लागते. हे खालून लागून राहिलं.”

वच्छलाने नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. “अवो, थांबवा नं जराशी.”

“बंद केली तं चालू नाही होनार. तुले काय समजते?”

पहेल्याच्या अलीकडे झाकणाच्या फटींतून वाफ निघाली. इंजिनाचा दम गेला, चढावर ते दोनदा कण्हलं आणि बंद पडलं. सगळे उतरून मोहाच्या झाडाच्या सावलीला गेले. आनंदरावांनी झाकण उचललं, पेचकस काढला, एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले.

“भाऊजी,” डोमा हळूच म्हणाला, “इंजीन बंद हाय.”

आनंदरावांनी डोळे उघडले. रस्त्याच्या कडेला सगळं नातं रांगेत उभं राहून त्यांच्याकडे बघत होतं. काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून ते वाकले, आणि मग त्यांना दिसलं. पुली उघडी पडली होती. पट्टा तुटून केव्हाच रस्त्यावर पडला होता.

एकच पट्टा डायनामोही फिरवतो आणि पाण्याचा पंपही. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. चहाच्या टपरीवर त्यांनी स्वतः कितीतरी जणांना हातवारे करून समजावलं होतं. दिवा आणि काटा दोघेही एकच गोष्ट सांगत होते, आणि आपण दोघांचं भांडण लावून दिलं. बैलसुद्धा दुसऱ्या हाकेला थांबतो, त्यांच्या मनात आलं. आपल्याला दिवा झाला, काटा झाला, शेवटी आत्याबाईंना चटके बसले.

“काय झालं?” वच्छलाने विचारलं.

‘डायनामो जळला’ हे शब्द त्यांच्या ओठांवर आलेच होते. कोणाला काय कळणार होतं? पण सकाळपासून ठोकून दिलेल्या दोन गोष्टींचा निकाल समोर वाफाळत होता. तिसरी सांगायची त्यांची छाती होईना. त्यांना एकदम हसूच आलं.

“इंजिनाचं काही नाही. पट्टा तुटला. बाकी सारा बिघाड इथं हाय,” त्यांनी कपाळावर बोट ठेवलं.

“ते मले लग्नापासून मालूम हाय,” वच्छला म्हणाली. “पुढं बोला.”

पुढचं सोपं नव्हतं. जादा पट्टा गाडीत नव्हता, कारण तो डॉक्टरला लागेल असं डॉक्टरला कधी वाटलंच नव्हतं. इंजीन निवेपर्यंत बायकांनी पेढे एका डब्यात कोंबले आणि रिकाम्या डब्यांतून बोअरिंगचं पाणी आणलं. आनंदराव पुलीकडे बघत बसले. मग त्यांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि कमरेचा कातडी पट्टा काढला. बकल कापलं, टोकांना पेचकसाने भोकं पाडली आणि तारेने शिवून तो पुलीवर चढवला. चांगला ताणून बसला. गेल्या काही वर्षांत पोट जरा आवरलं असतं, तर तो पुरला नसता.

नातेवाइकांनी धक्का मारला. सफारीला धूळ लागेल म्हणून डोमा आधी बाजूला उभा होता, पण गाडी हलेना तेव्हा तोही लागला. इंजीन धडधडलं. मग हळूहळू, जागोजागी थांबत, पाणी पाजत, एकदा डोमाला हाताशी घेऊन तार पुन्हा शिवत त्यांनी भंडारा ओलांडलं. इंजीन कायमचं बसलं नाही, यात आनंदरावांच्या हुशारीचा काहीएक हात नव्हता आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

वरठीला पोचले तेव्हा मांडवातली जेवणं निवली होती. पुंडलिकराव दारात उभे होते, तोंड घट्ट मिटून. तरी त्यांनी दोन्ही हात जोडले. “जयभीम.”

आनंदरावांनी उजवा हात उचलला. “जयभीम.” डावा पँटच्या कमरेवर होता.

पुंडलिकरावांच्या भुवया चढल्या. एवढा उशीर करून आलेला माणूस एका हाताने नमस्कार करतो! मागे उभ्या असलेल्या त्यांच्या भावाने घसा खाकरला. वच्छलाचा चेहरा उतरला.

“राग नका मानू, मामाजी,” आनंदराव म्हणाले. “दुसरा हात सोडला तं पोराचं साक्षगंध राहीन बाजूले अन् माह्याच लाजेचा कार्यक्रम होईन.”

मग त्यांनी तिथेच, उभ्याउभ्या, सगळं सांगितलं. उडालेला गोटा, खोटारडा काटा, आत्याबाईंची चूल, बंद इंजिनाला लावलेला कान, काहीच सोडलं नाही. जिथे स्वतःची बाजू थोडी सावरता आली असती तिथेही सावरली नाही. लीलाबाई मध्येच म्हणाल्या, “चटके मी खाल्ले, अन् कहानी हे सांगून राहिले.” पुंडलिकरावांनी बराच वेळ तोंड आवळून धरलं होतं, पण पोटाचा पट्टा पंपाला पुरल्याचं ऐकलं आणि त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला.

मुलीची आई, सुशीलाबाई, पदर तोंडाशी धरून आतून नाडा घेऊन आल्या. आनंदराव तो बांधायला गाडीमागे गेले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून कोणीतरी खळखळून हसलं. हसणं आवरत नव्हतं. दुसऱ्या बायकांनी दटावलं तरी ते पुन्हा फुटलं. ती नवरी मुलगी होती. डोमा काळ्या तेलाने भरलेले हात सफारीपासून लांब धरून, त्या दाराकडे बघत राहिला. मग तोही हसला, आणि पुंडलिकरावांनी खांद्यावर हात टाकून त्याला मांडवात नेलं.