दिव्याची पाळी

गहिनीनाथ आणि लंकाबाईचा अजिनाथ कोकणात, समुद्रातल्या एका बेटावरच्या दीपगृहात नोकरीला लागला, तेव्हा पाथर्डीकडच्या त्यांच्या गावात लोक हसले होते. "दिवा लावायचा पगार देतंय व्हय सरकार?" नवराबायको मात्र एकदा एसटीनं जाऊन सगळं पाहून आले. जन्म ऊसतोडीत गेलेला. एवढं पाणी बघून लंकाबाई म्हणाली, "आन घोटभर पेता येत न्हाई, बघा!" अजिनाथनं बापाला वर नेऊन समजावलं होतं. दिवा आता विजेवर चालतो, पण वादळात वीज जाते, जनरेटर रुसतो, तेव्हा हात लावायला माणूस लागतोच. म्हणून बदली माणूस आल्याशिवाय बेट सोडायचं नाही.

यंदा दिवाळीच्या तोंडावर लंकाबाईच्या किडन्या गेल्या. नगरच्या दवाखान्यात डॉक्टर गहिनीनाथला बाजूला घेऊन म्हणाले, "ज्याला बोलवायचं त्याला आजच बोलवा."

गहिनीनाथनं त्या सकाळीच अजिनाथला फोन लावून तसं सांगितलं; आईच्या आजाराचं त्याला आधीच ठाऊक होतं. पलीकडून वाऱ्याचा घोंघाट येत होता.

"तात्या, होडी लागलीय धक्क्याला. होडीवाला म्हनतो आत्ताच चल, वादळ येतंय. मग दोन-चार दिवस होडी न्हाई."

"मग निघ की बाबा."

"संगतीच्या मानसाला तापानं काल किनाऱ्याला न्हेलं. बदली आली न्हाई. म्या एकटाच हाय. आन कोळ्यांच्या होड्या अजून भाईरच हायेत."

"सायबाला इचारलं का?"

"इचारलं. म्हनले, माय तुमची हाय, पाळीबी तुमचीच हाय. म्या काय सांगू?" पोरगं वाऱ्याच्या वर ओरडलं. "तात्या, तुमीच सांगा. निघू का?"

दाराच्या फटीतून गहिनीनाथला खाट दिसत होती. लंकाबाईचा हात चादरीबाहेर आला होता. त्याला त्या होड्यांवरची माणसं दिसली नाहीत, त्यांच्या घरी वाट बघणाऱ्या बाया दिसल्या.

"थांब," तो म्हणाला आणि लगेच फोन बंद केला. अजून एक शब्द बोलला असता तर 'ये' असंच तोंडातून निघालं असतं.

तो आत गेला. लंकाबाईनं डोळे उघडले. "निघालं का वं लेकरू?"

"निघालं."

उशाशी बसलेल्या पंकजानं, त्याच्या लेकीनं, चमकून बापाकडं पाहिलं. त्यानं नजर खाली घातली.

मग दिवसभर तो त्या न निघालेल्या पोराला रस्त्यानं आणत राहिला. लंकाबाईनं डोळे उघडले की विचारायची, "कुठवर आलं?" दुपारी तो म्हणाला कराड. मग सातारा. पुण्यात त्यानं गाडी बराच वेळ अडकवून ठेवली. "पुन्यात लई गर्दी अस्ती," लंकाबाईच म्हणाली. शिरूरला त्यानं गाडी पंक्चर केली. ती कळवळली, "उपाशी आसंल वं. वडापाव तरी खा म्हना." गहिनीनाथनं बंद मोबाईल कानाला लावला आणि पोराला वडापाव खायला सांगितलं. पंकजा पदर तोंडात कोंबून बाहेर गेली.

ऊन उतरलं. सुपं गाव झालं. मग नगरच्या वेशीवरचं केडगाव आलं, आणि गहिनीनाथकडं रस्ता उरला नाही.

"केडगाव म्हंजी आलंच की," लंकाबाई म्हणाली. "माझी येनी घाला. आसं बघून भेईल त्ये."

त्यानं तिचे केस सारखे केले. ती दाराकडं बघत होती. जराशानं त्याच्या ध्यानात आलं, की ती आता बघत नाही.

वादळ ओसरल्यावर अजिनाथ आला. तोवर राखही सावडून झाली होती. अग्नी पंकजानं दिला होता. लंकाबाईचा भाऊ, श्रीमंतमामा, दारातच कडाडला, "नोकरी मायपरीस मोठी झाली व्हय रं?"

"त्याला बोलू नका, पाव्हनं," गहिनीनाथ म्हणाला. "म्याच थांब म्हनलो."

सगळे पांगल्यावर अजिनाथनं विचारलं, "माझं नाव काढलं का तिनं?"

गहिनीनाथनं काहीच लपवलं नाही. कराड सांगितलं, पंक्चर सांगितलं, केडगावही. पोरगं भुईवर कपाळ टेकून गुरासारखं हंबरलं. मग मान वर न करता बोललं, "तात्या, होड्या आमच्याकडं आल्याच न्हाईत. वाऱ्याचा रंग बघून सगळ्या दुसऱ्या बंदरात शिरल्या हुत्या. वीज गेली, जनरेटर बंद पडलं, म्या सारखं चालू करीत व्हतो. पन भाईर कोनीच नव्हतं."

 'भाईर कुनी आसंलबी, तुला काय ठावं' असं गहिनीनाथला म्हणता आलं असतं.  त्याऐवजी त्यानं पोराच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात तिथंच राहिला.

तेराव्यानंतर अजिनाथ बेटावर परत गेला. आता दिवा लावून झाला की तो रोज फोन करतो.

"जेवलास का?" बाप विचारतो.

"जेवलो. तुमी?"

"जेवलो."

त्यापुढं दोघंही फोन कानाला धरून बसतात, आधी ठेवायचं धाडस कुणालाच होत नाही.