वरचे सात किलोमीटर

करिश्माने नकाशा टेबलावर पसरला. घड्या पुन्हा उठत होत्या, म्हणून तिने एका कोपऱ्यावर मोबाइल ठेवला आणि दुसऱ्यावर शालनच्या पुढ्यातली शेंगदाण्यांची वाटी सरकवली.

"इथपर्यंतचं सगळं पाठ झालंय," तिने बोट ठेवलं. "प्रश्न वरचाच आहे. खिंडीपर्यंतचे शेवटचे सात किलोमीटर."

नकाशा देवयानीने हाताने काढलेला होता. ठाण्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात सव्वीस वर्षं लोकांच्या जमिनींचे नकाशे हाताळून तिची रेघ अशी झाली होती की फूटपट्टीची गरज पडत नसे. स्पितीतल्या नदीच्या पलीकडच्या काठाने जाणारा हा जुना रस्ता होता. अलीकडच्या काठाने नवा झाल्यापासून ट्रक, बस, मोटारसायकली सगळ्या तिकडे वळल्या आणि हा सायकलवाल्यांसाठी मोकळा राहिला. गावं, उंची, पाण्याच्या जागा, दिवसाकाठी किती गाड्या दिसल्या, हे सगळं तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं. गेल्या सप्टेंबरात ती आणि शालन तिथे जाऊन आल्या, त्यानंतर रविवारच्या सायकल-गटातल्या बऱ्याच जणांनी या नकाशाच्या प्रती काढून घेतल्या. प्रत्यक्ष निघालेली मात्र करिश्मा पहिलीच. शीळफाट्याजवळ राहणारी सव्वीस वर्षांची ही मुलगी जूनमध्ये एकटीच जाणार होती.

तिघी कोलशेतला शालनच्या घरी, खाडीकडच्या गॅलरीत बसल्या होत्या. शालनचा नवरा भाऊ आत स्वयंपाकघरात कोलंबी निवडत होता.

"या निळ्या ठिपक्याचं विचारायचं होतं," करिश्मा म्हणाली. "झरा ना हा? म्हणजे गावातून मी दीड लिटरच घेईन. त्या चढाला वजन नको. जूनमध्ये असेल ना पाणी?"

"असनारच," शालन म्हणाली. "ही तर सप्टेंबरात पिऊन आलेली तिथलं. बर्फाचंच पानी ते."

देवयानीने तसं कधी सांगितलेलं नव्हतं. पण शालनने खिंडीबद्दल आजवर जे जे सांगितलं होतं, त्यातलं बरंचसं देवयानीने सांगितलेलं नव्हतं.

त्या सप्टेंबरात खिंडीखालच्या रांगचो या सोळा घरांच्या गावात उंचीच्या त्रासाने शालनचं डोकं फुटायची वेळ आली होती. पोटात पाणी ठरेना. आरोग्य केंद्रातल्या नर्सने रात्रभर ऑक्सिजन दिला. सकाळी उतार पडला, पण सायकलला हात लावायचा नाही, उद्या जीपने खाली जायचं, असं तिने बजावलं. तेव्हा शालननेच देवयानीला पुढे पाठवलं. सहा वर्षं दोघींनी त्या एका खिंडीसाठी घोडबंदरचे चढ काढले होते, निदान एकीने तरी जावं. संध्याकाळी देवयानी परतली तेव्हा अंथरुणातून उठून बसत शालनने एवढंच विचारलं, "पोचलीस?"

देवयानीच्या तोंडात पाणी होतं. तिने मान हलवली.

नंतर कोलशेतच्या हळदींमध्ये, बारशांमध्ये, महिला मंडळात शालन ते सांगत राहिली. मी नाय गेली, पन आमची देवयानी चढली.

"वरती गाड्या किती असतील?" करिश्माने विचारलं.

"थांब," देवयानी म्हणाली. तिने चष्मा काढून नकाशावर ठेवला. "आधी पाण्याचं ऐक. तो झरा मी पाहिलेला नाही. उपग्रहाच्या चित्रात तिथे हिरवट डाग दिसला, म्हणून ठिपका दिला. द्यायला नको होता."

"पण तुम्ही तिथूनच गेलात ना?"

"खिंडीच्या सात किलोमीटर अलीकडून मी परत फिरले. त्याच्या पुढचं सगळं घरी बसून काढलंय."

आत भाऊने नळ सोडला आणि बंद केला. शालन वाटीकडे बघत होती.

करिश्माने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग पर्समधून पेन काढून निळ्या ठिपक्यावर फुली मारली, आणि थोडा विचार करून वरच्या सातही किलोमीटरच्या रेघेवर तुटक खुणा केल्या. "पाच लिटर न्यायला लागेल मग," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "रस्ता खराब होता का, ताई?"

"रस्ता चांगला होता."

थोड्या वेळाने नकाशाची घडी घालून करिश्मा उठली. शालन दारापर्यंत गेली, वाळवलेल्या करंदीची पुडी तिच्या हातात दिली, उन्हात फिरू नकोस म्हणाली. परत येऊन ती आपल्या खुर्चीवर बसली तेव्हा देवयानीने चष्मा घातलेला होता.

"खिंडीत वारा कसा होता ते पन मी सांगितलं लोकांना," शालन म्हणाली.

"हो."

"तू बाजूला बसलेली असायचीस."

"हो."

खाडीतून एक होडी वाळूच्या बांधाकडे चालली होती. शालन ती दिसेनाशी होईपर्यंत थांबली. मग तिचा आवाज जरा खाली आला.

"माझ्यापायी फिरलीस. मी तिथं पडलेली, तुझा जीव लागला नसंल वरती. सांगायचं तरी गो मना. मी काय रागावनार होते?"

देवयानीला पुन्हा नुसती मान हलवता आली असती. शालनने तिच्यासाठी जागा करूनच ठेवली होती. तिने दोन्ही हात मांडीवर घेतले.

"नाही," ती म्हणाली. "मी घाबरले."

"तू? शीळफाट्याला डंपर कानाला लागून जातो तवा नाय घाबरत."

"तिथे माणसं असतात. वरती बाराच्या सुमाराला मी जॅकेट घालायला थांबले. सकाळपासून एक गाडी दिसली नव्हती. मग वारा पडला. शालन, कानात माझं रक्त वाजत होतं तेवढंच ऐकू येत होतं. समोर रस्ता सरळ वर गेलेला, स्वच्छ, एक खड्डा नाही. असाच रस्ता मी इतकी वर्षं शोधत होते. आणि मला वाटलं, इथे पडले तर उद्यापर्यंत कुणाला कळणार नाही. अर्धा तास दगडावर बसून राहिले. एखादा ट्रक येतो का बघत."

"आला?"

"नाही. मग मी सायकल फिरवली."

शालनने शेंगदाण्याचं एक साल बोटाने चोळून काढलं. दाणा मात्र वाटीत परत टाकला.

"तवा माझी आठवन नाय आली."

"उतरताना आली," देवयानी म्हणाली.

पलीकडच्या टॉवरच्या कामावरचा भोंगा वाजला. एकेका मजल्यावरून पिवळी हेल्मेटं जिन्याकडे निघाली.

"वरती गेली नाय ते सांगितलंस, बरं केलंस," शालन अखेर म्हणाली. "पोरीच्या जिवाचा प्रश्न होता. पन हे दुसरं. ते तरी माझ्यापायी फिरली म्हनून ठेवायचं होतंस."

देवयानी उठली. पिशवी खांद्याला लावली आणि तशीच उभी राहिली.

स्वयंपाकघराच्या दारातून भाऊने डोकावून पाहिलं. त्याचे हात ओले होते.

"कालवन झालाय. त्या जेवनार ना?"

शालनने देवयानीकडे पाहिलं नाही. वाटी उचलली, सालं एका बाजूला फुंकली.

"जेवनार," ती म्हणाली. "कुठं जाते ती."