लंगडे म्हणायचं नाही

शिरूरच्या स्टँडवर दौंडची एसटी लागली तेव्हापासून सगुणाबाईचे ओठ चालले होते. शेजारच्या बाईला वाटलं, म्हातारी जप करतेय. कसला जप अन् कसलं काय. ती आपल्याच पोटच्या पोरीचं नाव पाठ करत होती.

पूनम. शाळेच्या दाखल्यावर होतं, नोकरीच्या ऑर्डरवर होतं, पण बावीस वर्षांत आईच्या तोंडी ते एकदाही आलं नव्हतं. घरात, रानात, शाळेच्या वाटेवर ती 'लंगडी'च. गाव गंमत म्हणून म्हणायचं. सगुणाबाई मात्र जीव मुठीत धरून म्हणायची. आधीची दोन लेकरं हातची गेलेली. तिसरीला दोन वर्षांची असताना ताप आला, पोलिओनं पाय नेला, पण पोर राहिली. तेव्हा सासू बयाबाई म्हणाली होती, "आता हिचं चांगलं नाव घ्यायचं न्हाई. लंगडीच म्हणायचं. वंगाळ नावाला दृष्ट लागत न्हाई." दगडू-धोंडू नावं ठेवून पोरं जगवणारं गाव ते. पोर जगली, शिकली, अपंगांच्या जागेवर रेल्वेत लागली. दौंडच्या तिकीटखिडकीत बसायला लागली. मग गुण आलेलं औषध कोण सोडतंय?

पण दिवाळीत सगुणाबाई दौंडला गेली आणि रेल्वे कॉलनीत चारचौघांत ओरडली, "लंगडे, किल्ली कुठं ठिवलीस गं?" दुसऱ्या दिवसापासून कॉलनीतली पोरं 'लंगडी म्याडम' म्हणायला लागली. मग खिडकीपुढच्या रांगेतही कुणीतरी म्हणालं. महिन्याभरानं गावातल्या दुकानाच्या फोनवर पूनमनं आईला बोलावून घेतलं.

"आई, त्या नावानं हाक मारायची असंल तर इकडं येऊ नको."

"मी का तुला हिणवती व्हय?"

"तू न्हाई. पण त्यांच्या तोंडात तो शब्द तूच दिलास ना?"

सगुणाबाईला ते फार लागलं. मोठी म्याडम झाली, म्हणत ती चार महिने फुगून बसली. पण फुगून आईचं भागतं होय? एक दिवस भाकरी गोड लागेना, तेव्हा उठली आणि एसटीत बसली. बसली खरी, पण न्हावऱ्यापर्यंत दोनदा उतरावंसं वाटलं. चांगलं नाव घेतलं आणि पोरीला काही झालं तर? न घ्यावं तर पोर दारात उभी करायची नाही. इकडे आड, तिकडे विहीर. चौफुल्याला गाडी थांबली, तरी ती जागेवरून उठली नाही.

दौंड स्टेशनात पोचली तेव्हा ड्यूटी सुटायची वेळ झालेली. पुलाच्या जिन्यापाशी ती उभी राहिली, बसली, परत उभी राहिली. तेवढ्यात वरून पूनम येताना दिसली. एका हातात काठी, दुसरा कठड्यावर, मान खाली. 'लंगडे' अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. सगुणाबाईनं ते गिळलं आणि डोळे मिटून हाक मारली.

"पूनम."

पूनमनं दचकून मान वर केली. आईच्या आवाजात हे नाव तिनं कधी ऐकलंच नव्हतं. शेवटच्या दोन पायऱ्यांवर काठी निसटली आणि ती खाली आली.

सगुणाबाईला वाटलं, चांगलं नाव घेतलं अन् दृष्ट लागली. सासूनं सांगितलं होतं ते काही खोटं नव्हतं. कशीबशी ती लेकीपाशी जाऊन बसली. गुडघा सोलला होता, रक्त आलं होतं. माणसं जमली. पूनमचं मात्र गुडघ्याकडं लक्षच नव्हतं. ती आईकडं बघत होती.

"काय म्हणालीस?"

"काय न्हाई. चल, उठ."

"आई, परत म्हण ना."

सगुणाबाईनं रक्ताकडं पाहिलं. तिनं लेकीचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला, कुणी ओढून नेलं तरी सुटू नये इतका घट्ट, आणि मगच म्हणाली, "पूनम."