अण्णांची खरी वाक्यं

अण्णांना दोनशे इंग्रजी शब्द यायला हवे होते आणि माझ्या हातात सत्तेचाळीस दिवस होते. त्यातले पहिले चार त्यांनी पाठकोऱ्या कागदांची वही शिवण्यात आणि समास आखण्यात घालवले. तोवर मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, माधवगंजातल्या आमच्या दोन खोल्यांत येरझारा घालत होते. मला तसंही एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, वनूच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी असून जायचं कुठे? बाड्याच्या चौकापर्यंत आणि परत.

साल छप्पन्न. आठ वर्षांपूर्वी ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्यभारत झालं होतं. आता नोव्हेंबरात मध्यभारतही मोडणार होतं आणि राजधानी जाणार होती भोपाळला. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी दफ्तरखान्यात नकलनवीस होते. जुन्या कागदाची हुबेहूब नक्कल करायची, खाली 'असल बरहुकूम नक्कल' असं लिहून सही ठोकायची, हे काम त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं. मराठी, हिंदी, मोडी, कामापुरती फारसी, सगळं येत होतं. इंग्रजी तेवढं नव्हतं. आणि नेमका हुकूम निघाला की नव्या राज्यात जागा हवी असेल त्याने इंग्रजीची परीक्षा द्यावी. दोनशे शब्दांची छापील यादी, प्रत्येक शब्दाचा अर्थ आणि स्वतःच्या मनाचं एक वाक्य. नापास होईल त्याने मुदतीआधीच पेन्शनीत निघावं.

खरं सांगायचं तर अण्णांच्या नोकरीपेक्षा मला भोपाळची जास्त पडली होती. मी सत्तावीस वर्षांची, इंटर पास, लग्न ठरून मोडलेलं. अशी गोष्ट लष्करात कुणी विसरत नाही. देवळात गेलं तरी बायका आधी माझ्याकडे बघत आणि मग देवाकडे. भोपाळला नवी ऑफिसं उघडणार होती, तिथे मुलींनाही घेणार होते म्हणे. अण्णा पास झाले की आम्ही तिघं तिकडे जाणार आणि मी माझं काहीतरी बघणार. बाहेर पडायची एवढी एकच वाट होती आणि ती अण्णांच्या डोक्यातून जात होती.

अर्थ त्यांना भराभर पाठ झाले. गाडी अडली ती वाक्यांपाशी.

"पंक्च्युअल," मी म्हटलं. "म्हणजे वक्तशीर. लिहा, राम इज पंक्च्युअल."

"कोण राम?"

"कुणीही राम, अण्णा! उदाहरण आहे ते."

"मी त्याला ओळखत नाही. तो वेळेवर येतो असं मी कसं लिहून देऊ?"

अण्णांच्या लेखी स्वतःच्या हाताने लिहिलेलं वाक्य म्हणजे साक्ष होती. दुसऱ्याच्या मजकुराची नक्कल केली तर मजकुराची जबाबदारी मूळ लिहिणाऱ्याची, पण आपलं म्हणून एक ओळ जरी लिहिली तरी ती खरी हवी. शेवटी दफ्तरातल्या घड्याळाला चावी देणाऱ्या गोविंदाचं नाव घालून ते वाक्य पार पडलं. 'आयलंड'ने तर दोन दिवस खाल्ले. बेट त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मी डोकं आपटून घ्यायचंच बाकी होतं. तिसऱ्या दिवशी त्यांना आठवलं की तिघऱ्याच्या धरणात भर पावसाळ्यात एक टेकाड पाण्याच्या मधोमध उभं असतं. मग ते जुलैत दिसतं की ऑगस्टात, यावर आणखी अर्धा तास गेला. 'क्वॉरल'ला, म्हणजे भांडणाला, मात्र एक क्षणही लागला नाही. "माय वाइफ अँड माय डॉटर क्वॉरल डेली," असं वळणदार अक्षरात उतरलं. आईने चुलीजवळून विचारलं, "काय लिहिलंत हो?" अण्णांनी घाईने पान उलटलं.

मी त्यांच्यावर ओरडायचे, वही आपटायचे, खिडकीशी जाऊन परत यायचे. ते शांतपणे टाक पुसून पुढचा शब्द विचारायचे. त्यांच्या त्या शांतपणाचा मला इतका राग यायचा की काय सांगू.

एकशे एक्क्याण्णवावा शब्द होता 'विलिंग'.

"म्हणजे राजी, तयार," मी सांगितलं. अण्णांनी अर्थ लिहिला, वाक्याची ओळ कोरी सोडली आणि पुढच्या शब्दावर गेले.

"हे राहिलं."

"बघू नंतर."

अण्णांनी ओळ कोरी सोडली म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण परीक्षा सहा दिवसांवर आली होती. मी वही ओढून घेतली आणि त्या कोऱ्या ओळीत लिहिलं, 'आय अ‍ॅम विलिंग टु गो टु भोपाळ.' मी भोपाळला जायला राजी आहे. "दहा वेळा लिहून काढा," म्हटलं. अण्णांनी मुकाट्याने दहा वेळा लिहिलं आणि खाली मोडीत ओळ घातली, असल बरहुकूम नक्कल. मी हसले. सवय म्हणून लिहिलं असेल असं वाटलं.

परीक्षा झाली. दसऱ्यानंतर निकाल लागला, आणि अण्णा पास! शंभरात एकाहत्तर. मी तेव्हाच पुऱ्या आळीत सांगून आले. दुपारपर्यंत माळ्यावरच्या दोन ट्रंका खाली काढल्या, पुसल्या, उन्हात ठेवल्या. आई म्हणाली, "अगं, हुकूम तरी हातात येऊ दे." मला कुठला धीर!

पाचव्या दिवशी अण्णा संध्याकाळी बाड्यावरून तिळगुळाचं गजक घेऊन आले. असं ते कधी करत नसत. पुडा आईच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "आज फॉर्म भरून दिला."

"कसला फॉर्म?"

"पास झालेल्यांनी लिहून द्यायचं होतं, भोपाळला जायला राजी की नाही. राजी नसेल त्याने पेन्शनीत निघायचं. आज पाचपर्यंत मुदत होती." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. ते जे काही सरकारात देत त्याची नक्कल घरी ठेवत. "इंग्रजी तपासून घे. पहिल्यांदाच सगळं माझं मी लिहिलंय."

मी वाचलं. मी भोपाळला जायला राजी नाही. माझा सारा जन्म लष्करात गेला. माझी मुलगी वनमाला राजी आहे. ती इंटर पास आहे. हे इंग्रजी मला तिने शिकवलं. तरी माझी जागा तिला द्यावी, ही विनंती. सगळं इंग्रजीत, आणि एकही चूक नाही.

माझ्या अंगाचा भडका उडाला. "राजी नाही? मग इतके दिवस हे कशासाठी केलं? आणि एका शब्दाने बोलला नाहीत!"

"तू विचारलं कुठे होतंस?" अण्णा म्हणाले. रागाने नाही, अगदी सहज. "त्या दिवशी तू वाक्य घातलंस आणि मी नक्कल करत बसलो. तिसऱ्या-चौथ्यांदा लिहिताना ध्यानात आलं, हे वाक्य माझं नाहीच. हे तुझं आहे. मी फक्त नाव बरोबर घातलं."

मी कागदावरचं माझं नाव पुन्हा वाचलं.

"आणि काळजी कसली करतेस? माझ्या वडिलांनी अर्जात माझं नाव घातलं, तशी मला त्यांची जागा मिळाली. त्यांना त्यांच्या वडिलांची. मला मुलगा नाही, तर मी मुलीचं नाव घातलं. इंग्रजी तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं, ते नाही कशाला म्हणतील?"

इतक्यात खालून हाक आली. दौलतसिंहकाका जिन्यात उभे होते. ते अण्णांच्या शेजारच्या टेबलावर बसत. त्यांचं घराणं फौजेतलं, दफ्तरात आलेले तेच पहिले. मी खाली गेले तर त्यांनी आवाज बारीक केला.

"वनूबाई, मी त्यांना किती रोकलं! म्हटलं, भालचंद्रराव, हे काय करून राहिले तुम्ही? वो जमाना गया. आता बापाची जागा बेट्याला पण नाही मिळत, तर बेटीला कुठून? आता पेपरात इश्तिहार निघणार, इम्तहान होणार, तब भरती. त्यांचा फॉर्म तर सीधा 'राजी नाही'वाल्यांच्या गठ्ठ्यात गेला. आता तो काही वापस नाही मिळत."

"अण्णा काय म्हणाले?"

"म्हणाले, दौलतसिंह, तुम्ही फौजवाले, तुम्हाला दफ्तरचे कायदे काय मालूम?" काकांनी कपाळाला हात लावला. "तुम्हीच समजवा आता."

ते गेले. मी जिन्यातच थांबले. वर जायचं धाडस होईना आणि खाली उतरून जायला कुठे जागा नव्हती. राग कुणावर काढायचा तेही कळेना. अण्णांनी नोकरी घालवली होती, माझ्यासाठी, आणि ती मला मिळालीही नव्हती. ज्या माणसाला मी सत्तेचाळीस दिवस शब्दांचे अर्थ घोकायला लावले, त्याला मी एकदासुद्धा विचारलं नव्हतं, तुम्हाला जायचंय का? मला रडू आलं. मी तोंडावर पदर दाबून ते तिथेच संपवलं.

वर आले तर आई गजकाचे तुकडे वाटीत मांडत होती. "हुकूम कधी येईल हो?" ती विचारत होती.

"येईल पंधरवड्यात," अण्णा म्हणाले. ते पाय पसरून भिंतीला टेकून बसले होते. त्यांना असं सैल बसलेलं मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. सांगून टाकावं असं ओठांपर्यंत आलं. काका काय म्हणाले ते चार वाक्यांत सांगता आलं असतं, आणि ती चारही खरी होती.

"हुकमाची वाट कशाला बघायची?" मी म्हटलं. "मी परवाच्या गाडीने जाते. शालिनीमावशी आहेच तिकडे. महिनाभर ठेवून घेईल."

"एकटी?" आई म्हणाली.

"एकटीच."

अण्णा ताठ बसले. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, कागदाची किनार तपासतात तसं. "दौलतसिंह काय सांगत होते?"

"तुम्ही छान लिहिलंत म्हणत होते."

"वनू, हुकमाशिवाय गेलीस तर तिथे तुला कोण विचारणार?"

"मीच विचारीन एकेका ऑफिसात जाऊन," मी म्हटलं. "अण्णा, मी राजी आहे असं तुम्ही सरकारात लिहून दिलंय. आता ते वाक्य खरं करायला मला जायलाच हवं."